टाकीत सोडायचा दिवा

आई गावात सांगायची, "धाकटा इमानात असतोय." ऐकणाऱ्याला वाटायचं, पोरगा पांढरा सदरा घालून विमान चालवतो. मी एकदा-दोनदा खुलासा करून बघितला आणि मग नाद सोडला. विमानात मी असायचो खरा, पण टाकीत. मुंबईला एका विमान कंपनीच्या हँगरमध्ये मी तंत्रज्ञ होतो आणि अंगाने काटकुळा होतो. इंधनाच्या टाकीत शिरायचं काम निघालं की सगळे माझ्याकडे बघायचे. पंखाच्या खालच्या अंगाला लंबगोल झाकण असतं. ते काढायचं, एक हात पुढे घालायचा, खांदा तिरका करायचा आणि सरपटत आत जायचं. आत धड उभं राहता येत नाही की धड बसता येत नाही. बाहेर एक जण सारखा हाका मारत बसतो आणि आपण ओ द्यायची. ओ आली नाही तर पाय धरून ओढून काढायचं, असा करार.

आत जाण्याआधीचं सोवळं मात्र कडक होतं. कपडे सुती. बक्कल नको, घड्याळ नको, अंगठी नको. आईने दंडात बांधलेला तांब्याचा ताईतसुद्धा काढून डब्यात ठेवायचा. टाकी रिकामी करून तिच्यात पाइपाने तासन्‌तास हवा मारायची आणि मग मापक आत धरायचं. मापकाने वाफ आहे म्हणून सांगितलं की पुन्हा हवा. नवे आलेले वैतागायचे. "रिकामीच तर आहे, कशाला एवढं?" म्हणायचे. मी त्यांच्यावर खेकसायचो. माझा स्वभावच तसा, आणि या बाबतीत तर मला कुणाचं ऐकून घ्यायचंच नसे. इंधन पेटत नाही, त्याची वाफ पेटते. टाकी काठोकाठ भरलेली असली की वाफेला जागाच उरत नाही. रिकामीच्या तळाशी मात्र थोडं राहिलेलं असतं. ते तापतं, त्याची वाफ होते, आत हवा असतेच, आणि दोघांचं जमलं की फक्त ठिणगीची वाट बघायची.

हे सगळं मला पाठ होतं. पाठ असणं आणि कळणं यातला फरक मला पुढे समजला. अमेरिकेत एक जंबो विमान उडाल्यावर काही मिनिटांतच समुद्रावर फुटलं आणि आतलं एकही माणूस वाचलं नाही. महिनोन्‌महिने लोक बॉम्ब म्हणत होते, क्षेपणास्त्र म्हणत होते. तपास करणाऱ्यांनी समुद्रातून तुकडे काढले, ते शेजारी शेजारी मांडले आणि सांगितलं की आधी फुटली ती मधली टाकी, जवळजवळ रिकामी असलेली. तिच्या खालीच विमान गार ठेवणारी यंत्रं होती. विमान उन्हाळ्यात जमिनीवर उभं होतं, यंत्रं चालू होती आणि वरची टाकी तापत होती. ठिणगी कुठून आली ते ठामपणे कुणालाच सांगता आलं नाही. आमच्या कॅन्टीनमध्ये ते कळलं त्या दिवशी कुणी चहाचा दुसरा कप मागितला नाही.

त्या अपघातानंतर दोनेक वर्षांनी, भर उन्हाळ्यात, आमच्या जातीच्या विमानांसाठी हुकूम आला. टाकीतल्या पंपाला वीज देणारी तार टाकीतूनच, एका ॲल्युमिनियमच्या नळीतून जाते. जुन्या विमानांतल्या या तारा ओढून बाहेर काढा आणि तपासा, त्याशिवाय विमान उडवायचं नाही. पहिलं विमान माझ्या वाट्याला आलं. तार ओढली. हातभर चांगली आली, आणखी हातभर चांगली आली, आणि मग तिच्यावर नख लागलं तसं मला काहीतरी वेगळं जाणवलं. वरचं वेष्टण घासून घासून गेलं होतं आणि आतलं तांबं लख्ख दिसत होतं. नळीची एक भिंत सोडली तर पलीकडे इंधन. तार हातात धरून मी तसाच उभा राहिलो. हेच विमान आदल्या दिवशी गच्च भरून जाऊन आलं होतं.

आमचे थोरले इंजिनियर आले, त्यांनी तार बघितली. "बदल," एवढंच म्हणाले. मी विचारलं, "साहेब, ठिणगीचं बघतोय आपण. वाफेचं काय?"

"वाफ राहणारच," ते म्हणाले. "ती आहे असंच धरून चालायचं आणि ठिणगी होऊ द्यायची नाही. नियम पहिल्यापासून असाच आहे."

मला ते खरंच वाटेना. इतकी शहाणी माणसं, इतके जाडजूड नियम, आणि वाफ काढून टाका असं एकालाही लिहावंसं वाटलं नव्हतं?

पुढच्या पाडव्याला मी गावी गेलो. आमचं गाव कराडपासून जवळ, कृष्णेकाठी. घरचा ऊस आहे आणि तो थोरला भाऊ बघतो. दादा फौजेत ड्रायव्हर होता. पेन्शनीत आला तरी स्टिअरिंगशिवाय त्याचे हात शिवशिवायचे. त्या वर्षी जतकडे पाण्याची बोंब होती, तिकडे बागा जगवायला टँकर लागत होते. दादाने मिरजेला एक जुना पेट्रोलचा टँकर हेरून घेतला. आधी बागांना पाणी टाकायचं, मग टाकी आतून घासूनपुसून माणसांना, असा त्याचा बेत. पाडव्याला पूजा, आणि दुसऱ्या दिवशी सांगलीच्या वर्कशॉपमध्ये नेऊन टाकीच्या बुडाला मोठा नळ वेल्डिंग करून घ्यायचा. हे सगळं मला पत्राने कळलेलं होतं, फक्त पेट्रोलचा हा शब्द पत्रात नव्हता. टँकर घेतला, एवढंच लिहिलेलं.

सकाळी कराडच्या स्टँडवर उतरलो आणि वडाप जीपने गावात आलो. दारात गुढी उभी होती, वहिनीचं पुरण शिजत होतं, त्याचा वास रस्त्यापर्यंत आला होता. अंगणात टँकर उभा होता. त्याच्या बोनेटला झेंडूची माळ, चाकांखाली लिंबं. भोवती अर्धी आळी जमलेली. वर बघितलं आणि मला कळेना की हे काय चाललंय.

आमच्या घरची एक रीत आहे. विहिरीला नवं पाणी लागलं की घरातल्या थोरल्या बाईने कणकेचा दिवा लावायचा, द्रोणात ठेवायचा, द्रोण परडीत आणि परडी दोरीने हळूहळू विहिरीत सोडायची. दिवा पाण्याला टेकला की विहीर घरची झाली. दादाच्या मनाने घेतलं होतं की आता ही टाकी म्हणजे आपली विहीरच. इंजिनाची पूजा सगळेच करतात, आपण पाण्याची करू. कराडच्या प्रीतिसंगमावरून घागरी भरून आणल्या होत्या आणि त्या टाकीत ओतून झाल्या होत्या. आई सत्तरीला टेकलेली, पण शिडीने स्वतः वर चढली होती. झाकण उघडं होतं. दादा तिच्या कमरेला धरून बसला होता. तिच्या हातात परडी, परडीत पेटलेला दिवा, आणि ती दोरी सोडायला लागली होती.

तेव्हा मला वास आला. पुरणाच्या वासाखालून, अगदी बारीक. टाकीत उतरणाऱ्या माणसाचं नाक ते ओळखल्याशिवाय राहत नाही.

"दादा, ही टाकी कशाची हाय?"

"पाण्याची!" दादा वरून हसत म्हणाला.

"आधी कशाची हुती?"

"पेट्रूलची. आरं, कवाची रिकामी हाय. वर ये, तुझीच वाट बघत हुतो."

मी पिशवी टाकली. शिडी कशी चढलो ते मला आजही आठवत नाही. आईच्या हातातली परडी झाकणाच्या काठापर्यंत गेली होती. मी ती हिसकावली, छातीशी ओढली आणि ज्योत मुठीत धरून विझवली. तळहात भाजला, तो भाजल्याचं नंतर कळलं. तुपाचा ओघळ आईच्या लुगड्यावर पडला.

पाडव्याचा दिवस, पूजेचा दिवा, थोरल्या बाईच्या हातातला, आणि तो घरच्याच पोराने विझवला. वहिनीने तोंडाला पदर लावला. खालून कुणीतरी म्हणालं, "येड लागलं का काय त्येला?"

दादाचा चेहरा काळाठिक्कर पडला. तो मला मारेल असं वाटलं. त्याऐवजी तो खालच्या आवाजात म्हणाला, "तुला माझं चांगलं बघवंना व्हय रं?"

"दादा, आईला खाली घे."

"आदी सांग, ह्ये काय केलंस?"

"आईला खाली घे म्हनतो न्हवं!" मी ओरडलो. इतका ओरडलो की गोठ्यातली म्हैस बिथरली. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि कशाचा राग ते सांगता येत नव्हतं. आई मात्र माझ्या हाताकडे बघत होती. ती शिडीवरून उतरली.

खाली आल्यावर मी सगळ्यांना लांब पिटाळलं. वहिनीला चूल विझवायला लावली. पुरण अर्धं शिजलेलं होतं, ती माझ्याकडे अशा नजरेने बघत होती की काय सांगू. शेजारच्या दोन घरांतही तेच करायला लावलं. सणासुदीला चुली विझवत फिरणारा माणूस लोकांनी पहिल्यांदाच बघितला असणार. दादा ओट्यावर पाठ करून बसला होता. मी त्याला टाकीचं, वाफेचं सांगत होतो. तो ऐकत होता, पण ऐकून घेत नव्हता.

"मी फौजेत आयुष्यभर पेट्रूलच्या गाड्या चालवल्या," तो म्हणाला. "भरल्या टाकीपाशी बिडी वडायची न्हाई, ह्ये मला शिकवू नगंस. रिकामीला काय हुतंय? उद्या सांगलीला नेऊन वेल्डिंग करनार म्हंजी करनार."

दिवा मी विझवला होता, पण वेल्डिंगची ठिणगी उद्या तशीच उभी होती, आणि तिच्याशेजारी हाच उभा राहणार होता. मी म्हटलं, "बरं. मग एकच कर. टाकी विहिरीच्या पाण्यानं काठोकाठ भर. पाण्याचीच हाय न्हवं? मग भराया काय हरकत हाय?"

यावर त्याला नाही म्हणता येईना. मोटर लांब विहिरीवर होती. पाइप ओढून आणला, टाकीत सोडला आणि आम्ही दोघे गोठ्याच्या बाजूला उभे राहिलो. ऊन चांगलं तापलं होतं. गोठ्याची भिंत चुन्याने नुकतीच रंगवलेली, पांढरीशुभ्र. टँकरची सावली तिच्यावर पडली होती. टाकीत पाणी चढायला लागलं.

आधी काहीच दिसलं नाही. मग दादा म्हणाला, "ह्ये काय हाय?"

भिंतीवर झाकणाची सावली पडली होती, आणि तिच्यातून काहीतरी हलत होतं. झाकणाकडे बघितलं तर तिथे काही नव्हतं, नुसती मोकळी हवा. भिंतीवर मात्र लाटा उठत होत्या. त्या झाकणातून वर यायच्या, काठावरून खाली ओघळायच्या आणि टँकरच्या अंगावरून जमिनीकडे सरकायच्या. आता वास सगळ्यांना यायला लागला. लांब उभ्या असलेल्या बायकांनीही नाकाला पदर लावले. पाणी चढत होतं आणि तळात बसलेली सगळी वाफ वर ढकलत होतं.

ते कितीतरी वेळ येतच राहिलं. अशा टाकीला रिकामी म्हणत होते सगळे.

दादा भिंतीपाशी गेला. त्याने हाताने ती सावली दाखवली. झाकणाच्या काठावर, नेमकी आईने परडी धरली होती तिथे, लाटा सर्वांत दाट होत्या. फौजेतला माणूस, सीमेवर राहून आलेला, तो मटकन खाली बसला. "आयला मीच वर चढिवली," तो म्हणाला. "कमरंला धरून बसलो हुतो मी." मीही त्याच्याशेजारी बसलो. पाणी काठावरून ओसंडायला लागलं, त्यावर तेलाचे रंग तरंगत होते. मोटर बंद करायला कुणी उठलं नाही.

दुसऱ्या दिवशी टँकर सांगलीला गेला नाही. टाकी पुन्हा पुन्हा भरून ओतली आणि उन्हात सताड उघडी ठेवली. नळाचं काम पुढे झालं ते वर्कशॉपवाल्याला सगळं सांगून, टाकी पुन्हा पाण्याने धुऊन, आत वाफ उरली नाही याची खात्री करून घेऊन. पण पाडव्याच्या दुपारी, थंडगार पुरण नुसतंच ताटात घेऊन आम्ही जेवायला बसलो तेव्हा दादाने मान वर केली आणि विचारलं, "तुमच्या इमानात आसंच आसतंय म्हनलास न्हवं? मग तुमीबी आदी वाफ काडत आसाल."

मी घास खाली ठेवला. "न्हाई."

"न्हाई म्हंजी?"

"आमी तार बघतो. ठिणगी हुनार न्हाई ह्येची काळजी घेतो. वाफ ऱ्हाती."

"मानसं बसल्यावरबी?"

"व्हय."

दादा माझ्याकडे बघतच राहिला. सकाळी मी त्याच्याकडे तसंच बघितलं होतं. मी घाईघाईने सांगायला लागलो. रोज किती विमानं सुखरूप उतरतात, तारा आता बदलल्यात, अमेरिकेत यावर मोठा खल चाललाय, कधी ना कधी वाफेचाही नियम येईल. खरं तेच सांगत होतो, पण माझं मलाच ते पोकळ वाटत होतं. आई भिंतीला टेकून बसली होती. तिचं ऐकणं चालू होतं हे मला माहीत होतं. कारण मे महिन्यात ती पहिल्यांदा विमानात बसणार होती. बहीण नागपूरला दिलेली, तिचं बाळंतपण होतं, आणि कंपनीच्या सवलतीत आईला विमानाने धाडायचं मी वर्षभरापासून कबूल केलं होतं. आईने ते आख्ख्या गावाला सांगून ठेवलं होतं.

ती म्हणाली, "आन तुज्या इमानात कोन हाय रं, दिवा इझवायला?"

मी म्हटलं, "आई, तू रेल्वेनं जा. मी रिझर्वेशन करतो."

"मी इचारलं त्ये सांग."

"तारांचं मी बघतो. माज्यासारकी आनिक चार मानसं हायती."

तिने ताटातलं पुरण निपटलं. "मग बसते मी इमानात," म्हणाली आणि ताट घेऊन उठली.

मे महिन्यात मी तिला स्वतः विमानात नेऊन बसवलं. नवं लुगडं, हातात भडंगाची पिशवी, बहिणीला आवडतं म्हणून सांगलीहून मागवलेलं. ऊन रणरणत होतं. दारं बंद झाली, आणि मी खाली उभा राहून पोटाखालच्या यंत्रांचा आवाज ऐकत राहिलो. त्या यंत्रांच्या वर टाकी, आणि टाकीच्या वर माझी आई. त्या विमानाच्या तारा मी तपासलेल्या होत्या. तरी विमान दिसेनासं होईपर्यंत मी तिथून हललो नाही. नागपूरहून फोन आल्यावर मी संडासात जाऊन रडलो. परत येताना ती रेल्वेने आली, पाय लांब करायला मिळतात म्हणाली. विमानाचं विचारलं की गावात सांगायची, "लय झ्याक. कायबी भ्या न्हाई."

मलाही ते खरंच वाटलं होतं. वाफ पेटूच नये असा नियम पुढे बऱ्याच वर्षांनी आला. टाकीत मोकळ्या हवेऐवजी दुसरा वायू भरायचा, म्हणजे ठिणगी पडली तरी पेटायचं नाही. तोवर आई राहिली नव्हती. पण ती नागपूरला जाऊन आली त्याच साली, गणपतीला गावी गेलो होतो तेव्हा वहिनी, ती आईला आत्या म्हणायची, भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "भावजी, आत्या नागपूरला गेल्या त्या दिशी घरात चूलच पेटली न्हाई बगा. पोरं दुपारभर भडंगावर."

"का?"

"आत्यांनीच बजावलं हुतं. माजं इमान खाली टेकल्याचा निरोप येईस्तवर चूल पेटवायची न्हाई, आन देवाम्होरं दिवाबी लावायचा न्हाई."

आमच्या देव्हाऱ्यातला दिवा आईने आजारपणातही चुकवला नव्हता. मी तसाच बाहेर गेलो. आई तुळशीपाशी वाती वळत बसली होती. मी म्हटलं, "आई, एवढं भ्या वाटत हुतं तर गेलीस कशाला? आन इमान कुटं, आपली चूल कुटं? तिच्यानं काय हुनार हुतं?"

तिने मान वर केली नाही. वात वळत राहिली.

"मला काय कळतंय त्यातलं," ती म्हणाली. "इमानात एवढी मानसं हुती. समद्यांच्या घरी सांगाया कोन जानार? म्हनलं, आपल्या घरचा तरी इझवावा."